लाल गाडी, नवे ब्रेक अन् वडनेरचे मामा

कुठून सुरू करू, बाप्पा! चूक माहीच होती, हे पहिलेच सांगून टाकतो. म्हणजे तुम्हाले मधात-मधात विचारायचं काम नाही.

माह्याजवळ एक जुनी जपानी गाडी आहे, लाल रंगाची. दिसाले साधी, पण रेस दिली का मलकापूर कवाच मागं राह्यते! पळते भन्नाट, थांबायचं मात्र नाव नाही. म्हणून ब्रेकाच्या मोठ्या डिस्क, त्यायले चिमट्यावानी धरणारे नवे कॅलिपर, रेसिंगवाले पॅड, सारं मागवलं अन् अफसरभाईच्या गॅरेजवर बसवून घेतलं. चाकातून जेवणाच्या ताटाएवढी डिस्क चमकून राह्यली होती. मी तं गाडीकडे कमी अन् चाकाकडेच जास्त पाहो.

अफसरभाई म्हणे, "भाऊ, एक काम राह्यलं. नवीन पॅड डिस्कवर बसाले पाह्यजे. मोकळ्या रस्त्यानं जोरात पळवा, कच्चकन ब्रेक दाबा, माणूस चालते इतकी हळू करा, अन् पुन्हा पळवा. आठ-दहा खेपा."

"अन् थांबलो तं?"

"थांबायचं नाही! गरम पॅड दाबून उभे राह्यले का डिस्कवर डाग पडते. मंग गाडी थरथरते."

त्याच दिवशी संध्याकाळी घरी माह्या पोरीचं नामकरण होतं. बायकोचा फोन आला, "वडनेरच्या मामाले फाट्यावरून घेऊन या बरं. लाल गाडी येईन म्हणून सांगितलं त्यायले."

बायकोचे मामा म्हणजे रिटायर्ड मास्तर, शिस्तीचा माणूस. त्रिशरण-पंचशील तेच घेणार होते. ते आल्याशिवाय पोरीचं नाव काही ठेवल्या जात नव्हतं. अन् मी त्यायले पाह्यलेलं फक्त लग्नात, तेही फोटो काढताना.

मी म्हटलं, चला, एका फेरीत दोन कामं!

फाट्याच्या आतला रस्ता भर दुपारी रिकामा. कडुनिंबाखाली एक माणूस उभा, हातात पिशवी, तोंडाले दुपट्टा गुंडाळलेला. आता मे महिन्यात इकडे सगळेच असे राह्यते. सख्खा भाऊ ओळखू येत नाही, मामा कुठून ओळखू येईन? म्हटलं, पहिले ब्रेक, मंग मामा.

गाडी पळवली. कडुनिंबाजवळ ब्रेक दाबला. गाडी हळू झाली. त्या माणसानं पिशवी उचलली, दरवाज्याले हात घातला, अन् मी... सुर्रर्र!

परत फिरवून आणली. पुन्हा तिथंच ब्रेक. आता तो पळत आला. मी पुन्हा सुर्रर्र!

मले वाटलं, काय चिकट माणूस आहे! लिफ्ट पाह्यजे तं एसटीनं जाना बे!

पुढच्या खेपेले तो पिशवी काखेत धरून तयारच होता. बाजूच्या चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राह्यले. कोणी ओरडे, "पळा काका, पळा!" कोणी म्हणे, "अबे, आता थांबते, आता थांबते!" हे मले मंग कळलं; तवा मी काचा वर करून आपला ब्रेकाचा आवाज ऐकून राह्यलो होतो.

शेवटी काय झालं? माणूस रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभा!

दाबला ब्रेक. गाडी त्याच्या धोतरापासून हातभर दूर थांबली. काय ब्रेक होते, राजेहो! पण मले दुःख डिस्कचं. काच खाली केली अन् खेकसलो, "काऊन हो काका, मरायचं आहे काय?"

त्यानं हळूहळू दुपट्टा सोडला.

"जवाईबापू," मामा म्हणाले, "मले न्यायचं नव्हतं, तं तसं सांगायचं होतं."

माह्या तोंडातून एवढंच निघालं, "मामा, ब्रेक नवीन आहे... थांबायचं नव्हतं."

मामा गाडीत बसले. मलकापूर येईलोक वरची दांडी दोन्ही हातानं धरून होते. मी म्हटलं, गेलं, आता संध्याकाळी साऱ्यायसमोर माही बेइज्जती!

पण माणूस मोठ्या मनाचा. नामकरण नीट झालं, जेवणं झाली, मंग मामानं सासऱ्याले बाजूले घेतलं. मी दाराआडून ऐकलं.

"पोरगं चांगलं आहे हो. पण त्याले गाडी थांबवता येत नाही. प्रयत्न बहुत करते बिचारं. रागावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. मामाचे साडू, नांदुऱ्याले ड्रायव्हिंग स्कूल चालवते.

"जवाईबापू, लाजायचं काही काम नाही. सकाळच्या बॅचमधी या. साऱ्या बायाच आहे, पण तुमच्यापेक्षा जरा पुढं गेल्या. त्या थांबते."