गच्चीवरचं कढत पाणी
उन्हात तापलेल्या काळ्या रंगाचा वास आला की मला सोलापूरचं माहेर आठवतं. सत्तरच्या दशकातला तो हिवाळा. मी पहिल्या बाळंतपणाला आले होते आणि पाणी तापवायला रॉकेल मिळता मिळत नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या वडिलांनी पत्र्याची पसरट टाकी काळी रंगवून गच्चीवर लाकडी पेटीत ठेवली आणि वर काच लावली. "बाळंतिणीला असलं उन्हातलं पाणी? वात धरंल की," म्हणून आईनं तोंड फिरवलं. रविवारी दुपारी वडिलांनी बादल्या भरून खाली आणल्या. "हात तरी घालून बघ." आईनं बोटं बुडवली आणि झटक्यात मागं घेतली. "अगं बाई, लई कढत हाय की! गार पाणी आणा विसणाला." मग तिनं मला आणि बाळाला शेकत शेकत न्हाऊ घातलं. "पुरलं का?" वडिलांनी दाराबाहेरून विचारलं. "उरलं बी. ते तुमी घ्या," आई म्हणाली, "आमच्यासाठी रॉकेल राखायला महिनाभर गार पाण्यानं अंघोळ करताय, मला काय कळत न्हाय व्हय?" मला ते तोवर ठाऊक नव्हतं. वडील टॉवेल घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या बाळाचे केस आता पिकलेत. इतक्या सावकाश अंघोळ करणारे वडील मला तेवढे एकदाच आठवतात.