उजेडाकडची खुर्ची

रविवारची दुपार आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये जरा जास्तच रेंगाळायची. एक ते चार पेठ झोपते. खालची दुकानं बंद, जिन्यात चपलेचा आवाज नाही, आणि त्या शांततेत काचेवरून शिशाचा एक छर्रा घरंगळत जायचा. सर्रर्र, आणि मग खालच्या फडक्यावर टप्. आजही दुपारी डोळे मिटले की तो आवाज ऐकू येतो आणि मी पुन्हा सत्तावीस वर्षांची होते.

काचेपलीकडे बाबा, म्हणजे माझे सासरे, बसलेले असायचे. घरात आम्ही दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, आणि नवरा सहा महिन्यांसाठी म्हणून कंपनीच्या कामाला अमेरिकेत गेला होता, त्याला सव्वा वर्ष होत आलं होतं. बाबा पिंपरीकडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. पोलिसांतले नव्हे, मालाचे. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, उजेडाला धरायचा, पास किंवा रिजेक्ट. मग देशाची दारं उघडली, स्वतःचा माल स्वतःच तपासणारी परदेशी यंत्रं आली, आणि बाबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातल्या ‘स्वेच्छा’पाशी ते नेहमी खाकरायचे.

मी नागपूरकडची, खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना कळवायच्या, हाच माझा पगार. तेव्हा कंपनीच्या बसमधून खराडीची ज्वारी दिसायची आणि ज्वारीत मधेच काचेची इमारत. बाबांचं आणि माझं काम एकच आहे, हे मात्र आम्हा दोघांच्या लक्षात यायला वर्ष लागलं. तोवर आमचं बोलणं ‘जेवलीस?’ आणि ‘हो’ एवढंच.

ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मी एका शनिवारी नेमबाजी बघायला गेले. ती दोन शनिवारांत कंटाळली, मी राहिले. आमच्या घराजवळच एका शाळेच्या तळघरात दहा मीटरची रेंज होती. बंदूक म्हणजे कानठळ्या आणि खांद्याला दणका, अशी माझी समजूत. एअर रायफलचं तसं नसतं. दाबलेली हवा सुटते आणि कुणी खांद्याला हलकेच हात लावून हाक मारावी, तेवढंच जाणवतं. श्वास अर्धा सोडून थांबायचं. समोरचा काळा ठिपका तरंगत तरंगत स्थिर होतो आणि त्या क्षणी क्लायंट नसतो, बस नसते, अमेरिका नसते. त्या क्षणासाठी मी अख्खा आठवडा काढायचे.

बाबांनी स्वागत पुणेरीच केलं. “बंदूक? तुमच्याकडे सगळे ‘करून राहिले’ असतात. नेम धरून राहशील, मारशील कधी?”

पण एका रविवारी माझा छर्ऱ्यांचा डबा टेबलावर उघडा राहिला. छर्रा म्हणजे शिशाचा इवलासा डमरू. पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर. बाबांनी एक चिमटीत उचलला, भिंगाखाली धरला आणि विचारलं, “हे पास कोणी केलं?” घेर एका बाजूने चेपला होता. असा छर्रा नळीतून सुटला की भरकटणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी टेबलावर खिडकीची जुनी काच आली, एका टोकाला दोन काडेपेट्यांचा टेकू देऊन. छर्ऱ्याचा घेर डोक्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे चांगला छर्रा उतारावर एकसारखं वळण घेत जातो. चेपलेला लंगडतो. मी तपकीर गल्लीतून सोनारी वजनकाटा आणून दिला, त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. “आकडा दाखवतो. माल बघतो कुठे?” पास झालेले पन्नास छर्रे फिल्मरोलच्या काळ्या डबीत जायचे, झाकणावर कागदाची पट्टी चिकटायची आणि पट्टीवर बाबांची सही.

खिडकीशी असलेली खुर्ची त्यांची. इन्स्पेक्टरची खुर्ची उजेडाकडे असते, कारखान्यात तिच्यावर मॅनेजरसुद्धा बसत नसे, असं ते सांगायचे. आमची बोटं शिशाने काळी व्हायची. “आधी साबण, मग चहा,” हा नियम. अशा दुपारी ते बोलायला लागले. रविवारी दाढी करायला लागले, इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. मला ते फार आवडायचं. माझ्या नेमापेक्षा त्यांचा तो शर्ट मला महत्त्वाचा वाटायला लागला होता.

मग माझे नेम चुकायला लागले. दहातले दोन कुठेतरी भलतीकडेच. कोच म्हणाले, “हात ठीक आहे तुझा. छर्रे बघ.” मला रागच आला. माझे छर्रे तपासलेले असतात, मी त्यांना ऐकवलं.

तरी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खराडीत नव्या डबीचं सील फोडलं. सीडीचं कव्हर तिरपं धरून पन्नासच्या पन्नास घरंगळवले. अकरा लंगडले. पुन्हा केलं, पुन्हा अकरा. बाबांचे डोळे गेले होते, आणि त्यांना हे सांगितलं तर शर्ट, दाढी, खुर्ची, सगळंच जाणार होतं. दिवसाला वीस चुका कळवणारी मी, त्या अकरा पाकिटात टाकून गप्प बसले.

शनिवारी उरलेल्या एकोणचाळीस छर्ऱ्यांनी नेमबाजी केली. नेम छान लागले. घरी बाबांनी नेहमीसारखं विचारलं, “माल कसा होता?”

“छान,” मी म्हणाले. त्यांनी जरा जास्त वेळ माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी काच आली नाही. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. “आमच्या कारखान्यात हेड इन्स्पेक्टर दोन-तीन खोटे तुकडे, खूण करून, चांगल्या मालात मिसळायचा,” ते म्हणाले. “टेबलावरचा माणूस जागा आहे का, ते कळायला. मागच्या डबीत मी तीन टाकले होते. तू ‘छान’ म्हणालीस. किती सापडले?”

तीन हा आकडा माझ्या जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर सगळंच होतं तसं राहिलं असतं. पण त्यांनी सुनेला नव्हतं विचारलं, एका तपासणाऱ्याने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं होतं.

“अकरा,” मी म्हणाले आणि पाकीट आणून ठेवलं.

तीन छर्ऱ्यांच्या पोकळीत सुईचा ओरखडा होता. ते त्यांनी सुईच्या टोकाने चाचपून बाजूला केले. उरलेले आठ एकेक करून उजेडाला धरले, जवळ घेतले, लांब नेले. “मला हे चांगले दिसतात,” ते म्हणाले. मग त्यांनी काच मागितली आणि आठही स्वतःच्या हाताने सोडले. मान खाली घालून ते आवाज ऐकत होते. एकही छर्रा नीट गेला नाही.

“आठ माझे,” ते म्हणाले.

मला रडूच आलं. “बाबा, डॉक्टरांना दाखवून येऊ ना. मोतीबिंदू असेल, निघते तो.”

“दाखवू. पण शनिवारी रेंज आहे. माल कोण पास करणार?” ते उठले आणि खुर्चीची पाठ धरून बाजूला उभे राहिले. “बस. उजेड आहे तोवर.”

मी बसले. पन्नास पूर्ण व्हायला दुपार गेली. ते समोर बसून, प्रत्येक छर्रा काचेवरून जाताना कान देऊन ऐकत होते. शेवटी मी झाकणावर पट्टी चिकटवून सही केली. बाबांनी डबी डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब केला.

“सही तरी नीट कर,” ते म्हणाले. “पास कोणी केलं ते कळायला नको?”

मी पट्टी सोलून दुसरी चिकटवली आणि पुन्हा सही केली, मोठ्या अक्षरांत.