दोरीवरचा एक नंबर

कर्ण गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणातल्या दोरीवर लावलेल्या त्याच्याच टी-शर्टाखाली तांदूळ निवडत बसले होते. नेपाळहून त्याच्या मुलीचा फोन. हिंदी मोडकं, आवाज तुटक... छातीत दुखलं, इस्पितळ लांब, एवढंच कळलं. पावसाळ्याची मासेमारी-बंदी संपून बोटी सुरू झाल्या होत्या, बाकीची पोरं परतली होती, हाच येईना म्हणून माझा जीव आधीच टांगणीला लागला होता.

वीस वर्षांपूर्वी तो आमच्या देवबागेत ट्रॉलरवर खलाशी म्हणून आला. मागोमाग त्याच्या नेपाळातल्या गावाकडची पोरं आली आणि ओहोटीच्या वेळा साधून वाळूत फुटबॉल सुरू झाला. गोलाला बाद झालेली जाळी, गोलकीपर कर्ण. गावात सगळे 'गुरख्यांची टीम' म्हणत, तो चिडायचा. "क्लब म्हणा, बाई!" शाळेतून निवृत्त झालेली मी, मलाही त्याने सोडलं नाही. क्लबचे टी-शर्ट माझ्या विहिरीवर धुतले जायचे आणि माझ्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात वाळायचे. त्यातून त्याने एक नियम काढला. समुद्रात जाणाऱ्याने आपला टी-शर्ट दोरीवर लावायचा आणि परत आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. दर्यात फोन लागत नाही. पुढे गुडघा गेल्यावर तो किनाऱ्यावर जाळी शिवायचा, पण संध्याकाळी दोरी बघून नेपाळातल्या आयांना फोन करणं कधी चुकलं नाही.

एकदा परतीच्या पावसाने आभाळ भरून आलं आणि मी शहाणीने सगळे टी-शर्ट गोळा करून आत ठेवले. कर्णाने रस्त्यावरूनच मोकळी दोरी पाहिली आणि गावी कळवलं, सगळे सुखरूप आले. सकाळी खळ्यात येऊन विचारतो, "दोघे खंय आसत, बाई? तेंची बोट कोणी बघूक नाय." मी आत ठेवलेले टी-शर्ट त्याला दाखवले. दुपारपर्यंत आम्ही दोघं किनाऱ्यावर उभे होतो. आयांना पुन्हा फोन करायला त्याचा हात उठेना. शेवटी इंजिन बंद पडलेली त्यांची बोट दुसऱ्या बोटीने ओढत आणली, पोरं धडधाकट होती. "माझा चुकला रे, कर्णा," मी म्हटलं. तो रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "भिजांदेत, बाई. पण तुमी काढू नकात," एवढंच बोलला.

यंदा बंदीत गावी जाताना त्याने आपला पिवळा, एक नंबरचा टी-शर्ट दोरीला लावला. मी हसले, तर म्हणाला, "मी पण जातंय मा? इल्यावर मीच काढतलंय."

आता आयांचे फोन मला येतात. मला नेपाळी येत नाही, त्यांना मराठी नाही. त्या मुलांची नावं घेतात, मी दोरीकडे बघते आणि "आया" किंवा "नहीं आया" म्हणते. "नहीं" म्हणण्याआधी दोरीकडे पुन्हा एकदा बघते. कर्ण हे इतकी वर्षं रोज कसं करत होता, कोण जाणे.

आज दुपारपासून वारा फिरलाय. चार पोरं बाहेर आहेत. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "बाई, कपडे भिजतत मा!"

"भिजांदेत," मी म्हटलं.

चौघं येतील, आपापले टी-शर्ट काढतील. पाचवा कोणी काढायचा, हे त्या नियमात नाही... मी मात्र मोजताना पाच मोजते.