बोर्डावरचा मधला फोटो

नेव्हीत जायचं होतं एकटीला, माझ्या लेकीला. पण आमच्या घरात सगळे 'आम्ही' म्हणायचे. आमचे मालक दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "पावणं, आमची नेव्हीची तयारी चाललीया." हा माणूस विहिरीवरच्या मोटारींचे पार्ट विकतो. गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून याला गरगरायला लागलं होतं, आणि वाळूत बसून यानं लिंबू मागवलं होतं. मी हायस्कुलात भूगोल शिकवते, म्हणून सांगते, समुद्राशी आमच्या घराण्याचा संबंध तेवढाच.

कॉलेजात गेल्यावर नौदलाच्या छात्रसेनेत नाव घातलं ते लेकीनं स्वतः. कुणाला विचारलं नाही. पांढरा गणवेश स्वतः धुवायची, स्वतः कडक इस्त्री करायची, बुटाला खडू लावत पायरीवर बसायची. तीन वर्षं नीट केली, शेवटची परीक्षा चांगली दिली, की लेखी परीक्षेशिवाय थेट अधिकारीपदाच्या मुलाखतीला बसता येतं, हे तिनं मला पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. मालकांना सांगायला गेली तर ते टीव्हीवर कुस्ती बघत होते. माझे धाकटे दीर तर म्हणाले, पोरगी उन्हात काळी ठिक्कर पडली, उद्या स्थळं कशी यायची. हे शब्द मी विसरलेली नाही, आणि विसरणारही नाही.

मग सव्वीस जानेवारीच्या संचलनाचा फोटो पेपरात आला. त्यात लेक पहिल्या रांगेत होती. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात 'पाठिंबा' सुरू झाला.

पाठिंबा म्हणजे काय, तर पैलवानाचा खुराक. या गावात पोरानं काहीही करायचं ठरवलं तरी बापाला एकच गोष्ट सुचते. मालक तिला पहाटे दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे आणि म्हशीखाली समोर पिळलेला ग्लास तिच्या तोंडाला लावायचे. तिला दुधाच्या वासानंच मळमळायचं. संध्याकाळी बदाम घोटून थंडाई. तिनं सांगून बघितलं की वजन वाढून चालत नाही, तर म्हणाले, अंगात रग नको का? संचलनात ऐकलेली एक हिंदी आज्ञाही त्यांनी उचलली होती. नजर पुढं ठेवून ताठ उभं राहायची ती आज्ञा. लेकीनं दुधाच्या ग्लासापासून मान फिरवली की हे ओरडायचे, "सामने देख!" आणि ती पोरगी खरंच ताठ व्हायची. छात्रसेनेची सवय, अंगात मुरलेली. मग हे फिदीफिदी हसायचे. बापाला पोरीचं हे एक बटण सापडलं होतं.

रविवारी तलावावर होड्यांचा सराव असायचा. पोरं वल्ही मारायची आणि काठावर आईबापांची जत्रा. भडंगाचे पुडे, सतरंज्या, थर्मास. बाप माणसं काठावरून "वड, वड" करून ओरडायची, जणू बैलगाडीची शर्यतच लागली आहे. हातकणंगल्याचे एक गृहस्थ मला म्हणाले, "आमचं वजन जरा जास्त भरतंय." मला वाटलं स्वतःचं सांगतात, कारण दिसतच होतं. पण ते पोराविषयी बोलत होते. गारगोटीच्या एका बाईंनी पोराच्या मुलाखतीची उत्तरं इतकी घोकली होती की त्या झोपेतही देतील. पोराला एकही येत नव्हतं. कुणाचंही पोर काय म्हणतंय, हे ऐकून घ्यायला त्या काठावर एकालाही सवड नव्हती. मी डबा द्यायला जायची आणि लांब चिंचेखाली उभी राहायची. त्या सतरंजीवर बसायची माझी इच्छा नव्हती.

शेवटचं वर्ष झालं आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. बंगळूरला पाच दिवस होती. पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. आवाजावरूनच मला कळलं. म्हणाली, "आई, निवडलं मला. पण मेडिकल राहिलंय. त्यात पास झाले तरच खरं. तोपर्यंत कुणाला सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही. पण मालक जेवायला घरी आले होते, आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन कधीच स्पीकरवर टाकला होता. हात न धुता उठले आणि भावाकडे गेले.

हे दीर आमच्या तालमीचे अध्यक्ष. तालीम आता नावालाच. आखाड्याच्या मातीवर फरशी बसली, तिच्यावर कॅरम आला, आणि आता तिथे फक्त मिरवणुका ठरतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची म्हैस पहिली आली, कुणाचा जामीन झाला, कशालाही गुलाल. पोरगी काळी पडली म्हणणारे दीर संध्याकाळपर्यंत चौकात डिजिटल बोर्ड टांगून मोकळे झाले. बोर्ड दुमजली. मधोमध लेकीचा छात्रसेनेतला फोटो, त्यावर कॉम्प्युटरनं बसवलेली अधिकाऱ्याची टोपी. मागं युद्धनौका. त्या नौकेवरचा झेंडा कुठल्या देशाचा होता ते मी ओळखलं, आपला नव्हता एवढंच सांगते. आणि चारी बाजूंनी शुभेच्छुकांची तोंडं, गॉगल लावलेली, सोन्याच्या साखळ्या घातलेली. 'नौदल अधिकारीपदी निवड' असं वर छापलेलं. मेडिकलचा कुठे उल्लेख नाही.

मी मालकांना म्हटलं, थांबा. आठ दिवसांवर पुण्याला तपासणी आहे, ती होऊ द्या, मग काय नाचायचं ते नाचा. यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत त्यांना ऐकवणार आहे.

"तपासणीत काय असतंय? बाजारात बैल बघत्यात तसं दात बघत्यात, डोळं बघत्यात. पोरीचं डोळं तर चांगलं हायत की."

लेक दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला स्टेशनवर उतरली. मला वाटलं होतं रिक्षानं घरी येईल, अंघोळ करेल, गरम भात खाईल. पण तिला स्टेशनावरूनच उचललं, हार घातले आणि उघड्या जीपवर चढवलं. मी चौकात उभी होते. आधी हलगी ऐकू आली, मग डॉल्बीचा दणका, मग ती दिसली. गुलालानं माखलेली. मला बघून तिनं नुसती मान हलवली. त्यात आनंद नव्हता. सांगू नको म्हटलं होतं ना, एवढंच त्या मान हलवण्यात होतं.

डॉल्बीच्या ट्रॅक्टरवर लेसरचे दिवे बांधले होते. हिरवे, सुईसारखे बारीक. असल्या दिव्यांनी मिरवणुकीत पोरांचे डोळे गेल्याचं मागं गावभर गाजलं होतं, बंदीही आली होती. पण बंदी ती दुसऱ्यांना, आमच्या तालमीला कसली? चौकात जीप थांबली. सत्कारमूर्तीचा मान म्हणून पोरांनी ते सगळे दिवे जीपकडे वळवले. रस्त्यावरच्या माणसांनी डोळ्यांवर हात घेतले. मी पदर घेतला. दिरांनी तोंड फिरवलं, गॉगल होता तरी. लेकीनंही हात वर केला होता, मी बघितलं. पण फोटोवाला तयार होता आणि मालकांना मान वळवलेला फोटो नको होता.

"सामने देख!" ते ओरडले.

तिचा हात खाली आला. मांडीला चिकटला. ती ताठ उभी राहिली आणि त्या उजेडात सरळ समोर बघत राहिली, फोटोवाला बास म्हणेपर्यंत. मी पुढं घुसायला बघत होते, पण नाचणाऱ्या पोरांनी मला मागं रेटलं. काकी, फोटोत येऊ नका, म्हणाले.

सकाळी पोहे खाताना ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. एकदा डावा डोळा झाकायची, एकदा उजवा. पुन्हा डावा. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही. मग चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, उजव्या डोळ्यानं ज्या आकड्याकडं बघते तोच आकडा दिसत नाही, त्याच्या आजूबाजूचे दिसतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत बघितलं. पडद्याच्या नेमक्या मध्यावर भाजलं होतं, रक्त उतरलं होतं. म्हणाले, थोडं सुधारेल, पूर्ण नाही. मग त्यांनी तिला विचारलं की इतका तीव्र प्रकाश आला तर माणूस आपोआप मान वळवतो, तुम्ही का नाही वळवली? लेकीनं मालकांकडे बघितलं. मालक भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचायला लागले.

पुण्याला ती गेली तरी. मी सोबत गेले. मालकांना येऊ नका म्हणून मीच सांगितलं. अपात्र ठरली. अपील केलं, तिथंही तेच. दोष पोटात नव्हता, हाडात नव्हता, तीन वर्षं धावून, वल्ही मारून कमावलेलं शरीर ठणठणीत होतं. एक ठिपका, आणि तो घरच्यांनी पाडलेला.

आता घरात 'आम्ही' कुणी म्हणत नाही. "तिचं झालं न्हाय," असं म्हणतात. तिचं! दीर म्हणाले, नशिबात नव्हतं. एकही शुभेच्छुक दारात आला नाही. बोर्ड मात्र तसाच. उतरवा म्हटलं तर मालक म्हणतात, लगेच काढला तर लोक विचारतील, पुढची कुठली तरी जयंती आली की आपोआप त्यावर दुसरा चढेल. पोरीच्या डोळ्यापेक्षा चौकातली अब्रू मोठी. असल्या माणसाबरोबर मी संसार केला.

परवा आम्ही दोघी भाजी घेऊन चौकातून येत होतो. लेक बोर्डाखाली थांबली. मी म्हटलं, चल, काय बघायचंय त्यात. ती हलली नाही. तळहातानं डावा डोळा झाकला आणि मान वर करून त्या मधल्या फोटोकडं, स्वतःच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "या डोळ्यानं बघितलं की मी त्यात नसतेच. बाकीचे सगळे दिसतात."