दीडशे बार आणि पात्याचा एक तुकडा

दीडशे चॉकलेट बार घराबाहेर पडून वीस मिनिटं झालेली, आणि मी सिंकपाशी उभा राहून कटरकडे बघत होतो. पात्याला टोक नव्हतं.

कटर म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो. सरकवायचं पातं, त्यावर तिरक्या खाचा. धार गेली की खाचेवर एक तुकडा मोडायचा, पुढे कोरी धार तयार. म्हणजे तुटणं हाच त्या पात्याचा गुण. मी त्याने चॉकलेट कापलेलं.

मी अडाणी असतो तर एक वेळ चाललं असतं. पण हा घरगुती धंदा सुरू करण्याआधी मी ठाण्यातल्या एका औषधाच्या फॅक्टरीत अठरा वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. असली पाती प्रॉडक्शनमध्ये न्यायला तिथे सक्त मनाई होती. मनाईची नोटीस दारावर चिकटवलेली असायची आणि नोटिशीखाली सही माझी असायची.

तरी मी ते का केलं, हे कळायला बार कसा बनतो ते सांगावं लागेल. आमचा बार तीन थरांचा. खाली डार्क चॉकलेट, मध्ये फळाची जेली, वर व्हाइट चॉकलेट. डार्क चॉकलेट वितळवून, ठरावीक तापमानापर्यंत थंड करून, पुन्हा जरा कोमट करतात. याला टेम्परिंग म्हणतात. ते जमलं तर बार चमकतो आणि कटकन तुटतो. नाही जमलं तर बोटांना लागतो आणि गिऱ्हाईक फोन करतं. हे तीन थर एका मोठ्या ट्रेमध्ये ओतून लादी तयार करायची आणि मग तिचे बार कापायचे.

खरी परीक्षा कापताना. वरचा थर कडक, मधला लिबलिबीत, खालचा पुन्हा कडक. सुरी दाबली की जेली बाजूने बाहेर येते आणि वरच्या पांढऱ्या थराला तडे जातात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, हलक्या हाताने कापावं लागतं. तसं कापूनही माझे बार जरा वाकडे यायचे. आणि ही ऑर्डर होती गायकरदादांची.

दादा शीळ रोडवरच्या गावातले जुने जमीनवाले. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, पूजाचा साखरपुडा. मुलगा मुरबाडकडचा, म्हणून तिने मधला थर करवंदाचा मागितलेला. दादा फोनवर एवढंच बोललेले, "सामंत, पयल्यांदा मुलाकडची मानसं आपल्याकडं येतान. माल एक नंबर पायजे."

एक नंबर म्हणजे सरळ, असा अर्थ मी लावला. कटर आणला, पातं उकळत्या पाण्यातून काढलं आणि पट्टी लावून कापत गेलो. बार असे सरळ आले की मी त्यांचा फोटो काढला. सगळ्यांना सोनेरी फॉइल लावली, वर मुला-मुलीच्या नावाची कागदी पट्टी, आणि दादांचा पुतण्या बॉक्स घेऊन गाडीने गेला. मी भांडी घासायला घेतली.

पाकिटातलं दुसरं पातं काढून मी शेजारी धरलं. बरोबर एक तुकडा कमी.

मागे वळलो तर माझी बायको वैशाली ओट्यावरची पहिलीच कड तोंडात टाकत उभी. कडा म्हणजे लादीच्या वाकड्यातिकड्या बाजू, त्या घरातच संपतात.

"थुंक," मी म्हटलं.

"काय?"

"आधी थुंक. मग सांगतो."

ती थुंकली. मग मी सांगितलं. तिने हात धुतले आणि उरलेल्या सगळ्या कडा पातेल्यात वितळवून गाळणीतून गाळल्या. मी ट्रे पाहिला, फरशीवर बॅटरी मारली, सिंकखालचा पाइप उघडून त्यातला गाळ चिवडला. करवंदाच्या बिया मिळाल्या. तुकडा नाही.

"मग बारमध्येच आहे," वैशाली म्हणाली. "फोन करा."

"फोन करून काय सांगू? तुमच्या पाहुण्यांना मी पातं खायला पाठवलंय?"

"हो."

"त्यापेक्षा असं सांगतो, की उन्हाने बार मऊ पडलेत, बदलून देतो."

"अहो, मऊ पडलेला बार माणूस लगेच खाऊन टाकतो. तुम्हाला तो थांबवायचाय ना?"

मी फोन केला. दादांनी उचलला नाही. सहा वेळा नाही. पुतण्याचाही नाही. साखरपुड्याच्या हॉलमध्ये बँजो पार्टी वाजत असणार.

मी कटर खिशात टाकला आणि स्कूटर काढली. डोंबिवलीहून शीळ रोड काही लांब नाही, पण काटईच्या सिग्नलला ट्रकमागे अडकलो. फॅक्टरीत आम्ही याला फॉरेन मॅटर म्हणायचो. म्हणजे मालात नको ती वस्तू. केस, प्लास्टिक, काच, धातू. यावर मी नव्या लोकांना लेक्चर द्यायचो. धातूची स्लाइड आली की एक घशाचा फोटो दाखवायचो. सगळे गप्प व्हायचे आणि मला बरं वाटायचं. त्या सिग्नलवर तो फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

बार कार्यक्रम संपल्यावर, निघताना घरटी एक द्यायचे ठरलेले. म्हणजे वेळ आहे, असं मी स्वतःला समजावत हॉलमध्ये शिरलो. दारातच दोन मुली सरबताच्या ट्रेबरोबर बार वाटत होत्या. पुतण्याला वाटलेलं, आल्याआल्या दिले तर रुबाब पडेल.

मी ट्रेवर हात ठेवला. "थांबवा हे. बार मऊ पडलेत. मी बदलून देतो."

पुतण्याने एक बार दाबून पाहिला. "काका, दगडावानी हाय. टेन्शन नका घेऊ."

मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात मागे एका खुर्चीवरून आवाज आला, "आई गं." एक बाई गालाला हात लावून बसलेली. बाईंनी तोंडातून काहीतरी काढून तळहातावर घेतलं. मी वाकून पाहिलं. करवंदाची बी. गाळताना राहिलेली.

त्या बीनंतर खोटं बोलायची ताकद माझ्यात राहिली नाही. मी थेट स्टेजजवळ गेलो. दादा मुलाच्या वडिलांशी बोलत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. कटर, तुकडा, सगळं.

दादांनी आधी माप विचारलं.

"केवढा?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

"कती वाटलं?"

"चाळीसेक असतील."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. दादांनी बँजोवाल्यांना हात केला, माइक घेतला. शेजारी मुलाचे वडील उभे. चारशे माणसं. मी मनात म्हणत होतो, काहीतरी सांगतील, चॉकलेट शिळं आहे, उपास आहे, काहीही.

"आयका," दादा म्हणाले. "कोनी चॉकलेट खाव नका. त्यान पात्याचा तुकडा असंल. ज्याच्याकडं हाय त्यानी हिकडं आनून द्या. ज्यानी खाल्लाय त्यानी पुढं या, लाजू नका. बनवनारा ह्यो उभा हाय."

आणि माझ्याकडे बोट केलं. चारशे माणसांनी मला पाहिलं. लग्नातही माझ्याकडे इतक्या लोकांनी पाहिलं नव्हतं.

बार परत यायला लागले. वाटलेले चाळीस, परत आले बत्तीस. आठ पोटात, ते खाणारे आठ जण स्टेजपाशी रांगेत उभे. उरलेले एकशे दहा बॉक्समध्ये होते.

आता तुकडा शोधायचा कसा? कोणी म्हणालं, सगळे बार मोडून बघा. पूजा स्टेजवरून शालूसकट खाली आली आणि म्हणाली, "गेटवर वॉचमनकडे ती काठी आहे ना? मॉलमध्ये फिरवतात ती." कुणी पुढारी येणार म्हणून हॉलने त्या दिवशी मेटल डिटेक्टरवाला माणूस ठेवलेला. अठरा वर्षांच्या अनुभवाला जे सुचलं नाही ते नवरीला सुचलं.

वॉचमनने पहिल्या बारवरून काठी फिरवली. वाजली. दुसऱ्यावरून, वाजली. तिसरा, चौथा, सगळे वाजले. मग लक्षात आलं, फॉइल. सोनेरी फॉइल, माझीच कल्पना.

मग घरच्या दहाबारा बायका जेवणाच्या टेबलाला बसल्या आणि बार सोलायला लागल्या. तरी काठी वाजतच राहिली, कारण प्रत्येकीच्या मनगटापासून कोपरापर्यंत सोनं. शेवटी असं ठरलं, की बायकांनी सोलून बार टेबलावर ठेवायचा आणि हात मागे घ्यायचे. मग काठी.

एकसष्टाव्या बारला काठी वाजली. हात मागे होते. पुन्हा फिरवली, पुन्हा वाजली. मी बार मोडला. करवंदाच्या जांभळ्या थरात काहीतरी चमकलं. मी ते पाण्याने धुतलं, हातात धरलं. टेबलाभोवती टाळ्या पडल्या.

मी खिशातून कटर काढला, तुकडा पात्याच्या टोकाशी जुळवून बघितला. जुनी सवय. सापडलेला तुकडा हरवलेल्या तुकड्याशी जुळतो का, हे बघितल्याशिवाय आम्ही फाइल बंद करायचो नाही.

जुळला. पण निम्माच. पुढचा कोपरा तुटलेला होता.

खोटं बोलायची सगळ्यात चांगली संधी मला तेव्हा मिळालेली. टाळ्या पडल्या होत्या, बँजोवाले वाजवायला बसत होते, आणि निम्मं टोक कमी आहे हे हॉलमध्ये फक्त मला कळणार होतं. मी ते साधारण पाच सेकंद स्वतःजवळ ठेवलं. मग मला त्या आठ जणांच्या रांगेत एक फ्रॉकवाली मुलगी दिसली. सहाएक वर्षांची. ती जिभेने दातांतलं करवंद काढत होती.

"दादा," मी म्हटलं, "हा अर्धाच आहे."

उरलेले सगळे बार सोलले. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस. काठी पुन्हा एकदाही वाजली नाही. मुलाकडच्यांत एक डॉक्टर होते. ते म्हणाले, "धातू आहे, एक्सरेत दिसेल. आत्ताच काढून घ्या. आणि तोवर कोणी काही खाऊ नका."

म्हणून साखरपुड्याच्या कपड्यांतली आठ माणसं दोन गाड्यांत बसली आणि त्या डॉक्टरांना घेऊन आम्ही डोंबिवलीच्या एका एक्सरे सेंटरला गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "अॅक्सिडेंट का?" मी म्हटलं, "चॉकलेट." तिने पुढे काही विचारलं नाही.

पहिल्या नंबरला दादांची थोरली बहीण, हिराआत्या. टेक्निशियन म्हणाला, दागिने काढून ठेवा.

"मी लगनापासून नाय काढलं," आत्या म्हणाली. "आता तुझ्या चॉकलेटसाठी काढू?"

"आत्या, माझी चूक झाली," मी म्हटलं.

"ती तं झालीच. धर." तिने गळ्यातलं, हातातलं सगळं काढून माझ्या रुमालात टाकलं. "एक जरी नग कमी झाला, तं तुझाच एक्सरे काढीन."

मी तो रुमाल दोन्ही हातांनी छातीशी धरून बाकावर बसलो. एकेक जण आत जायचा, दार बंद व्हायचं, वरचा लाल दिवा लागायचा. छोटी मुलगी शेवटी गेली. तिची आई माझ्या शेजारी बसलेली, माझ्याकडे न बघता. दिवा लागला. मी नवस वगैरे बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी कोणाकोणाला काय काय कबूल केलं, आठवत नाही.

दार उघडलं. टेक्निशियनने स्क्रीनकडे पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं. "क्लिअर," डॉक्टर म्हणाले. "आठही क्लिअर."

मुलीची आई उठली आणि तिचा फ्रॉक नीट करायला लागली. बराच वेळ नीट करत राहिली. मग मला म्हणाली, "तिला आवडलेला तुमचा बार. म्हणून जास्त राग आला."

आम्ही परत पोचलो तेव्हा साखरपुडा खोळंबला होता. मुलाकडचे जेवायचे थांबलेले. मला वाटलं, माझ्यामुळे सोयरीक मोडली. पण मुलाचे वडील दादांना सांगत होते, "जो माणूस भर मांडवात असं खरं सांगतो, त्याच्याकडे मुलगी मागायला आलोय, बरं वाटलं." दादांनी मला जेवायला बसवलं. पुढची ऑर्डर मात्र दिली नाही, आणि मीही विचारलं नाही.

तो उरलेला कोपरा आजवर मिळाला नाही. सिंकच्या पाइपातून गेला असेल, कचऱ्यात गेला असेल. वैशाली अजून ओट्यापाशी चप्पल घालून उभी राहते.

कटर मी फेकला. आता पुन्हा सुरीच वापरतो, आणि कापण्याआधी आणि कापल्यानंतर तिचं टोक दोघांनी पाहायचं, वहीत दोघांनी सही करायची, असा घरात नियम आहे. बार पुन्हा वाकडे येतात. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवून तक्रार केली, की एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद आहेत. मी लिहिलं, हो, तसेच असतात.