रडू नका, बायांनो

राग कसा आवरावा, दुःख कसं सोसावं, हे मी तीस वर्षं शिकवलं. हसू नका. माझा स्वतःचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि त्यातला सगळ्यात जुना राग माझ्या मायवर होता.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात, लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या गावात, बाबा तीन दिवसांच्या आजारात गेले. मी अकराएक वर्षांची असेन, तापानं घोंगडीत पडलेली. माती करून माणसं परतली आणि गल्लीतल्या बाया मायच्या गळ्यात पडून रडायला आल्या. तशी रीतच आहे आमच्याकडं. माय दारात आडवी उभी राहिली, हात जोडून म्हणाली, "रडू नका, बायांनो. पाया पडते, जावा घरी." बाया बघतच राहिल्या. एक जाताना बोललीच, "काळीज हाय का धोंडा?" पाचव्या दिवशी माय दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. त्या बाईचं बोलणं माझ्या मनात घर करून बसलं.

पुढं लातूर जिल्हा नवा झाला. जिकडं तिकडं कचेऱ्यांच्या नव्या पाट्या लागत होत्या. मलाही तिथल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि मायला घेऊन मी दोन खोल्यांत राहू लागले. पीएच.डी.चा विषय घेतला : माणसं भावना कशा आवरतात. मोठ्या ऐटीत प्रश्नावली केली आणि तपासून बघायला पहिली मायच धरली. ती सुपात तूरडाळ निवडत होती.

"रडू आलं तर काय करतीस?"

"कामाला लागते."

"कुणाजवळ बोलतीस?"

"ऐकायला येळ कुणाला हाय?"

माझ्या सगळ्या खुणा 'दाबून टाकते' याच रकान्यात पडत होत्या. शेवटी मीच भडकले. कागद आपटले. "बाबा गेले तेव्हा तू रडली नाहीस ती नाहीसच, दुसऱ्यांनाही रडू दिलं नाहीस! तुला काहीच वाटलं नाही का गं त्यांचं?"

मायचा हात सुपात थांबला.

"घरात एकच घागर पाणी व्हतं, बाई. दारात येऊन रडलेल्या बाईला तोंड धुवायला, प्यायला पाणी द्यावं लागतं. पंधराएक बाया व्हत्या. विहीर आटलेली. आन् तू आत तापात पाणी पाणी करत व्हतीस. काय करू मग?"

ते पाणी मी प्याले होते. आणि वर हिलाच बोल लावत आले होते, इतकी वर्षं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मग पाऊस आल्यावर तरी रडायचंस, माय."

"तवर येळ निघून गेली. बाया कुठून आणू?"

नळाला पाणी होतं. मी उठले, घागर काठोकाठ भरली आणि तिच्यापुढं आणून ठेवली. "रड माय आता. पाणी लई हाय."

तिनं घागरीकडं पाहिलं. सूप बाजूला सारलं आणि बाबांच्या नावानं हंबरडा फोडला, गावातल्या बायांसारखा हेल काढून. मी तिच्या गळ्यात पडले.

शेजारच्या बाया धावत आल्या. "काय झालं? कोण गेलं, बाई?"

"माझे बाबा गेले," मी म्हणाले.

कधी, कुठं, कुणी विचारलं नाही. आत येऊन मायला धरून रडायला लागल्या. रडणं सरल्यावर मी एकेकीला तोंड धुवायला पाणी दिलं. घागर दोनदा भरावी लागली.