मायचं कार्ड

पडद्यावर माझी माय होती आणि सगळी खोली हसत होती.

"अरे, हिला स्वतःच्या नवऱ्याचं नाव माहीत नाही!" पुण्याहून आलेले सर म्हणाले. पुन्हा हशा. मीही हसले. आज लिहिताना लाज वाटते.

नापिकीची नोंद करायचं बोलतं ॲप होतं ते. लिहिता न येणाऱ्यांनी नुसतं बोलायचं. गावोगाव जाऊन बायकांना ते वापरायला द्यायचं आणि व्हिडिओ काढायचा, हे माझं काम. युजर टेस्टिंग. मदत करायची नाही, घरचं माणूस बसवायचं नाही. भातकुलीकडे पाचवी बाई मिळेना, म्हणून मी मायलाच बसवलं. कोणाला सांगितलं नाही.

शेत बाबांच्या नावावर. दोन वर्षं कपाशी बुडाली तसे बाबा सुरतेला वॉचमन म्हणून गेले. नोंद मायनंच करायची होती. ॲपनं विचारलं, "शेतमालकाचं नाव सांगा." माय गप्प. "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." तिनं पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं. मी नियम पाळला. तिसऱ्यांदा विचारून ॲप बंद झालं.

कॅमेरा ठेवल्यावर ती म्हणाली, "नाव घ्यावं तं उखाण्यात. मशीनपुढं कशी घेऊ वं? तू तं बाजूलेच होती. कावून नाही बोलली?"

मी मान खाली घालून कॅमेऱ्याची पिशवी आवरली.

इकडे अमरावतीच्या ऑफिसात तो व्हिडिओ संपल्यावर सरांनी फळ्यावर एक कार्ड चिकटवलं. पर्सोना. म्हणजे ज्याच्यासाठी ॲप करायचं त्याचं कल्पित चित्र. वर मायचा फोटो. खाली, 'कमलाबाई. अडाणी. गोंधळते.'

मायचं नाव कमला नाही.

"रिपोर्टमध्ये लिही," सर मला म्हणाले, "युजर एरर. वापरणारीची चूक."

एकटीनं चार एकर वाहणाऱ्या बाईची चूक? मी उठले. जपून जपून बोललेली पुणेरी भाषा तिथेच गळून पडली.

"थे माही माय आहे. तिले नाव माहीत आहे. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव असं घेत नाईत. चूक तुमच्या सवालाची आहे."

कोणी हसलं नाही. सर एवढंच म्हणाले, "घरच्यांची टेस्ट घेतलीस? मग हा डेटाच बाद."

दुपारी माझ्या टेबलावर कोणी डबा उघडला नाही. इतकं एकटं मला परक्या गावातही वाटलं नव्हतं. पण मी रिपोर्टमध्ये लिहिलं, प्रश्न चुकला. फळ्यावरचं कार्डही काढून घेतलं.

नोकरी जाईल, तर जावो. माझ्या मायला अडाणी ठरवणाऱ्या कागदावर माझी सही मिळणार नाही. कोणाच्याच मायला तसं ठरवणाऱ्या कागदावर नाही.